नऊची ब्लाइंड

मी याद्या करते. कतारमध्ये अल वक्राला घरी फ्रिजवर एक असते, पर्समध्ये दुसरी, आणि मेसईदच्या खतकारखान्यात तर पगारच त्याचा. वार्षिक शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असतो तेव्हा, परमिट ऑफिस माझ्याकडे असतं. टाकीत माणूस उतरण्याआधी तिला जोडलेला प्रत्येक पाइप बंद व्हावा लागतो. नुसता व्हॉल्व्ह फिरवून भागत नाही. पाइपाच्या सांध्यात जाड पोलादी तबकडी बसवायची. तिला आम्ही ब्लाइंड म्हणतो. फिटर बसवतो, फोन करतो, मी यादीत वेळ लिहून टिक करते. सगळ्या टिका झाल्या की शटडाउनचे प्रमुख सही करतात आणि माणसं आत जातात.

आई वसईला दवाखान्यात नर्स होती. पेशंटने गोळी गिळलेली दिसल्याशिवाय ती तक्त्यावर खूण करत नसे. हातात दिली म्हणजे दिली नव्हे, म्हणायची. माझ्या कामात मात्र गिळताना बघायची सोय नाही. फोनवर विश्वास ठेवावा लागतो.

त्या फेब्रुवारीत धुकं विरतच नव्हतं. सकाळी बसमधून कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या नाहीत, फक्त वरचे लाल दिवे दिसायचे. एका टाकीला अकरा पाइप होते, म्हणजे अकरा ब्लाइंड. फिटर लातूरकडचा, पन्नाशीचा, कतारला येऊन चार महिने झालेला. मी त्याला मामा म्हणायचे, तो मला ताई. बाकीच्यांशी हिंदीत अडखळायचा, म्हणून मी त्याला मराठीतच बोला म्हणून सांगितलं होतं. हा नियम मीच केला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आठ नंबर झाल्याचा फोन आला. नऊ बावीसला पुन्हा आला. मागे पंपाचा आवाज होता.

"ताई, नऊची ब्लाइंड खलास."

मी इथल्या सवयीने शुक्रन, म्हणजे आभार, म्हटलं, फोन ठेवला, वेळ लिहिली, टिक केली. दहा आणि अकरा आदल्या दिवशीच बसल्या होत्या. यादी पूर्ण झाली. टाकीतली हवा मीटरने तपासली होती, गॅस शून्य. प्रमुखांनी सही केली आणि परमिट टाकीकडे गेलं.

पुढच्या कामाचा कागद काढताना सवयीने वेळांच्या रकान्यावरून पेन्सिल फिरवली आणि नऊवर थांबले. आठ नंबरनंतर बारा मिनिटं. तो पाइप मांडीएवढा जाड. बोल्ट सैल करायलाच अर्धा तास लागतो. बारा मिनिटांत फार तर जिना चढून होतो.

मी स्वतःला विचारलं की हे खरं असायला काय काय व्हावं लागेल. दुसऱ्या कोणी आधीच बोल्ट काढलेले असतील तर. तशी नोंद नव्हती. वेळ लिहिताना माझी चूक झाली असेल तर. फोनमध्ये बघितलं, नऊ बावीसच होते. तिसरी शक्यता उरली: ब्लाइंड बसलीच नव्हती. फिटरला फोन लावला, त्याने उचलला नाही.

मी प्रमुखांना सांगितलं, काम थांबवा. ते हैदराबादचे, शांत माणूस, आमची पंधरा वर्षांची ओळख. गॅस टेस्ट स्वच्छ आहे, शटडाउन आधीच एक दिवस मागे आहे, असं म्हणत त्यांनी यादी माझ्यासमोर धरली.

"टिक तो आपकी है न, मॅडम?"

"मेरी है. इसीलिए बोल रही हूँ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ उचलला. मी हेल्मेट घालून निघाले. पोचले तेव्हा सफाई करणाऱ्या दोघांपैकी एक टाकीच्या तोंडाशी बसला होता. एक पाय आत सोडलेला. रेडिओ ऐकून तो तसाच थांबला होता, पाय बाहेर काढायचा का ते विचारत होता.

वर जाऊन नऊ नंबरचा सांधा बघितला. बोल्टवरचा जुना रंग तसाच होता. पाना लागल्याची एकही खूण नव्हती.

फिटर चहाच्या शेडमध्ये होता. मी विचारलं तर तोच चकित झाला. म्हणाला, त्या मापाची ब्लाइंड स्टोअरमधली संपली म्हणून तर मी तुम्हाला फोन केला. तुम्ही शुक्रन म्हणालात, मला वाटलं तुम्ही मागवताय.

त्याच्या खलासचा अर्थ संपली. माझ्या खलासचा अर्थ झालं. तो लातूरचं मराठी बोलत होता आणि सतरा वर्षं इथे काढलेल्या माझ्या कानांनी ते अरबी म्हणून ऐकलं होतं.

दुपारी बंदरावरच्या स्टोअरमधून ब्लाइंड आली. मास्क लावून दोघा फिटरांनी नऊचे बोल्ट सैल केले आणि सांध्यातून अमोनिया फुसफुसत बाहेर आला. व्हॉल्व्ह गळत होता. मी तीस पावलांवर उभी होते, तरी डोळ्यांतून पाणी आलं. सकाळी मीटरवर शून्य होतं. व्हॉल्व्ह कधीपासून गळत होता हे कुणालाच सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी नवी यादी माझ्या टेबलावर ठेवली. स्वच्छ टाइप केलेली. नऊ नंबरसमोर दुपारची वेळ, खरी वेळ. फक्त माझी सही बाकी. ते म्हणाले, एकाही माणसाला इजा झालेली नाही. जुना कागद गेला तर नव्या फिटरवर बालंट येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत फिटर दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"ताई, नवा कागद करा. माझ्या पोरीचं बारावीचं वरीस हाय. मला आत्ताच घरी नगा धाडू."

"मी नाही धाडत, मामा."

"तुमचा कागद धाडील की."

त्या संध्याकाळी पर्समधल्या वहीत दोन रकाने केले. एकीकडे तो, त्याची मुलगी, प्रमुखांचा चांगला हेतू, आणि खरं सांगायचं तर मीही, कारण टिक माझी होती. दुसरीकडे एकच ओळ: एक पाय आत. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. कागद बदलला तर असं काही घडलंच नव्हतं असं ठरणार होतं. मग फोनवर टिक करायची पद्धत तशीच राहिली असती आणि पुढच्या शटडाउनला कोणीतरी पुन्हा कोणाला तरी खलास म्हणालं असतं. त्याच्यावर दया म्हणून मी सही केली असती, पण सुटले मी असते. हे लक्षात आल्यावर बाकीचं सोपं झालं. बरं मात्र वाटलं नाही.

जुन्या यादीतली टिक मी वाचता येईल अशी एका रेघेने खोडली. इंग्रजी फॉर्मवर त्याचं वाक्य देवनागरीत, जसंच्या तसं लिहिलं. खाली मी काय समजले ते. त्याखाली लिहिलं की फिटरने खरी माहिती वेळेत दिली होती, अर्थ न विचारता टिक मी केली. सही केली आणि वरच्या ऑफिसला दिलं. प्रमुख तेव्हापासून मला गुड मॉर्निंग म्हणतात, पण थांबत नाहीत.

चौकशी बसली. मला परमिट ऑफिसमधून काढून फायलिंगला ठेवलं. फिटरचा गेटपास निकाल लागेपर्यंत बंद केला. त्याची चूक नाही असं मी दोनदा लेखी दिलं आणि दोन्ही वेळा कागद मिळाल्याचं उत्तर आलं. कामगारांच्या कॅम्पच्या थांब्यावर बस थांबते तेव्हा मी खिडकीतून बघते. धुक्यात हेल्मेटं दिसतात, त्यांच्यात तो नसतो.

परवा दुपारी त्याचा फोन आला. कॅम्पच्या माणसाने पासपोर्टची प्रत मागितली होती. कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

"ताई, म्हंजी माझं आता खलास का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले.

"खलास म्हणजे काय, मामा? नीट सांगा."



"चौकशी झाली का, आसं इचारतोय," तो म्हणाला. "का मीच संपलो?"

मला दोन्ही माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. फोन ठेवल्यावर वहीत वेळ लिहिली, त्याचे दोन्ही प्रश्न लिहिले. पुढची जागा अजून कोरी आहे.