पाळीवर अडवलेला डोंगा

माझ्या लग्नाआधीच माहेरच्या तलावात जलकुंभी आली. कुणाच्या तरी जाळ्यातून आली असावी. पहिली जांभळी फुलं आम्ही पोरींनी हौसेनं केसांत माळली. मग पानांना पानं लागत गेली, पाणी दिसेनासं झालं. जाळं टाकलं तर पानांवरच पडून राहायचं.

सासर सेलूकडचं. तिथला तलाव स्वच्छ होता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मासे धरायला माणसं कमी पडली, म्हणून सासऱ्यांनी माझ्या मोठ्या भावाला बोलावणं धाडलं. त्याच्या हाताला तिकडे काम उरलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

तो दुपारी बैलबंडीवर आपला डोंगा, मासेमारीची लाकडी होडी, घालून आला. मी तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी धुणं धूत होते. बंडी जवळ आली तसं डोंग्यात पाणी हिंदकळताना ऐकू आलं. वाटेत उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून त्यानं निघतानाच त्यात पाणी घातलं होतं, आणि जाळी ओल्या पोत्यांखाली झाकली होती. ते पाणी कुठलं, हे मला विचारावं लागलं नाही.

मी लुगडं दगडावर टाकलं आणि बैलांसमोर जाऊन उभी राहिले.

"दादा, डोंगा पाण्यात नको उतरवू."

"काऊन?" तो हसतच होता.

"त्यात आपल्या तलावाचं पाणी आहे. जाळ्यात काय अडकलं असंल कोणाले ठाऊक. सगळं वाळू दे आधी."

त्याचं हसू गेलं. "वाळला तं सांधे उघडतीन त्याचे. मंग मी काय हातानं मासे धरू? तुही भावजय तिकडं वाट पाहून राह्यली."

ते मला लागलं. तरी मी हलले नाही. आवाज ऐकून सासरे आले, मागून चार माणसं आली. माझे मालकही होते. ते खाली मान घालून उभे राहिले.

"सूनबाई, पाव्हणा मी बोलावला," सासरे म्हणाले. "बाजूले हो."

त्यांना मी तोवर कधी उलटून बोलले नव्हते.

"मामाजी, आमच्या तलावात आता ढोरंही उतरत नाईत. एकडाव पाहून तं घ्या. मंग म्हणसान तं होते बाजूले."

भावानं रागानं बैलांना हाकारलं. बैल एक पाऊल पुढे आले, एकाचा गरम श्वास माझ्या तोंडावर आला. मी डोळे मिटले.

"थांब," सासरे म्हणाले.

ते चाकावर पाय देऊन चढले, पोती बाजूला केली आणि जाळं उलगडायला लागले. एका गाठीत काळ्या मुळ्यांचा झुपका निघाला, त्याच्या टोकाला बोटाएवढी पानं. हिरवीगार.

"हे जित्तं आहे," ते म्हणाले. "बंडी मांगं घ्या."

तलावापासून लांब, पडीक वावरात डोंगा पालथा घातला. पाणी तिथल्याच भेगांत जिरलं. झुपका जाळून टाकला. जाळी बाभळीच्या कुंपणावर पसरली. भाऊ म्हणाला होता तसंच झालं. सांधे उघडले. तो रोज डोंग्याशेजारी बसून राहायचा. मी पाणी नेलं की माझ्याकडे न बघता लोटा घ्यायचा. शेवटी माझ्या मालकांनीच डांबर तापवून सांधे भरले. तोवर अर्धा हंगाम गेला होता. उरलेले दिवस मासे धरून तो परत गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर गावानं ठरवलं की बाहेरचा माणूस यावा, पण त्याचा डोंगा आणि जाळी पाण्यात उतरायची नाहीत. डोंगा आणि जाळी गावाचीच घ्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ एसटीनं आला. खांद्यावर कपड्यांची पिशवी, बाकी काही नाही. घरी न येता आधी तलावावर गेला. मी मागोमाग पाळीवर पोचले, तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून खाली बघत होता.

"तळ दिसून राह्यला बाई," तो म्हणाला.