खंदकाची बाजू

नकाशांच्या कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणत. एकतीस वर्षं तिचं काम एकच: जमिनीचा उतार शाईच्या बारीक रेघांनी दाखवायचा. चढाकडे जाड, उताराकडे निमुळती रेघ. मोजणीदार उन्हातान्हात हिंडून कच्चं काम आणत, ही ते पक्कं करी. जागा मात्र तिने एकही पाहिली नव्हती.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, जन्मभर टेकाडं काढलीस, एखादं डोळ्यांनी बघ तरी!"

दोघी बसने गेल्या. माळावर गवताने झाकलेली तीन टेकाडं होती. हजारो वर्षांपूर्वीची माणसं त्यांत पुरलेली. पलीकडे तितकाच जुना मातीचा बांध कोसभर लांब गेला होता, कुणीतरी आपली हद्द राखायला घातलेला. त्याला लागून खंदक. रेघाताईने नकाशा उलगडला, सूर्याकडे पाहून दिशा जुळवली आणि ती मटकन खालीच बसली.

"चक्कर आली का गं?"

"खंदक पश्चिमेला आहे. बावीस वर्षांपूर्वी मी तो पूर्वेला काढलाय."

"मग बिघडलं कुठे?"

"अगं, खंदक शत्रूच्या बाजूला खणतात! माझा नकाशा बघून लोकांनी पुस्तकं लिहिलीत, पूर्वेकडचे चाल करून येत म्हणून."

नणंदेला हसू आवरेना. "बिचारे! बावीस वर्षं फुकट बदनाम!" मग डोळे पुसत म्हणाली, "आठ दिवस तोंड मिटून राहा. जाता जाता नावाला बट्टा नको."

परतीच्या वाटेवर रेघाताईने नकाशाची घडी केलीच नाही.

सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. सगळं ऐकून साहेब म्हणाले, "चूक मोजणीदाराचीच असणार. तो काही आता हयात नाही. त्याचंच नाव घालू."

तिने जुनी फाइल उघडली. "त्यांनी बरोबरच आणलं होतं, साहेब. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदाची पट्टी मी पालथी ठेवली. बांध सरळ दक्षिणोत्तर, त्यामुळे पालथीही चपखल बसली. दुरुस्तीच्या नोंदीत माझंच नाव घाला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो ताई, निरोपाचं भाषण टाइप झालंय माझं. त्यात 'बिनचूक हात' तीनदा आहे."

"तिन्ही खोडा," म्हणून ती जागेवर गेली आणि ब्लेडने जुन्या रेघा हलक्या हाताने खरवडू लागली.