सुकेळी आणि आरशांचं ऊन

सांडोरच्या आमच्या वाडीत दिवाळी उलटली की माझी वहिनी सुकेळी घालायची. राजेळी केळी पुरती पिकू द्यायची, सोलायची आणि बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात मांडायची. दिवसातून दोनदा प्रत्येक केळं उलटायचं, संध्याकाळी वर केळीच्या खोडाची वाळकी सोपटं पांघरायची. आठेक दिवसांत केळं आकसून तांबूस आणि चिकट होतं. आई गेल्यावर मला वहिनीनेच वाढवलं. तरी मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून ती मला ‘भाऊजी’ म्हणायची आणि अहो-जाहो करायची. त्या मानाला मी किती लायक होतो, ते एकदा लिहून टाकायचं आहे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मी पदवी घेऊन वसईत शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. शक्ती गुणिले वेळ म्हणजे ऊर्जा, हे फळ्यावर लिहायचो आणि मुलांकडून घोकून घ्यायचो. त्या सुमारास वर्तमानपत्रात सूर्यचुलीबद्दल छापून आलं होतं. मी भारावलो. रॉकेलचे डबे कापले, पत्रे राखेने घासून आरशासारखे चकचकीत केले आणि जुन्या दारांच्या सहा फळ्यांवर असे कलते ठोकले की सगळ्यांचं ऊन एकाच जागी पडावं. तिथे काजळी धरलेलं लहान पातेलं ठेवलं. थोड्या वेळात पाणी खदखदायला लागलं. वहिनीने त्यात चहाची पूड टाकली.

“भाऊजी, तुमच्या चुलीला धूर नाही की फुंकणी नाही,” ती म्हणाली. “उद्यापासून सारवणार नाही हो मी माझी चूल.”

दोन दिवसांनी तिच्या माहेरून निरोप आला. वडील अंथरुणाला खिळले होते. अन्न जात नव्हतं, पण लेकीच्या हातची सुकेळी मागत होते. पाच तट्ट्या आदल्याच दिवशी मांडल्या होत्या आणि वहिनी रविवारी निघणार होती. मध्ये चारच दिवस.

“चार दिवसांत कशी होतील?” ती तट्ट्यांकडे बघत म्हणाली. “ऊन काही घाई करत नाही.”

“मी करायला लावतो,” मी म्हणालो.

भातकापणी चालू होती. दादा आणि वहिनी सकाळी खाचरात जायचे ते अंधार पडता पडता यायचे. मला दिवाळीची सुट्टी होती. जाताना ती एवढंच म्हणाली, “बाबांच्या तोंडात पडायचं आहे ते. सांभाळा.”

मी फळ्या अंगणाच्या मधोमध उभ्या केल्या आणि पुढच्या एका तट्टीवर सगळं ऊन पाडलं. ही तट्टी दिवसभरात वाळेल, मग दुसरी, मग तिसरी, असा माझा हिशेब. तासाभरात केळी सोनेरी दिसू लागली आणि मी अंगणात एकटाच हसलो. दुपारपर्यंत ती काळी पडली. वरून करवंटीसारखी टणक झाली, दाबलं तर आतून रस येत होता. मी तट्टी बदलली, फळ्या मागे-पुढे केल्या, पण शनिवारपर्यंत तेच होत राहिलं. मग मागच्या तट्ट्यांकडे वळलो. त्यांवरच्या केळ्यांना पांढरी बुरशी आली होती. हिवाळ्याचं ऊन तिरपं, आणि माझ्या दारांएवढ्या फळ्यांची सावली तीन दिवस नेमकी त्यांच्यावर पसरली होती.

तिथे उभं राहून मला माझाच धडा पहिल्यांदा कळला. आरसे नवीन ऊन करत नव्हते. मागच्या केळ्यांच्या वाट्याचं उचलून ते पुढच्यांवर ओतत होते. पातेल्यात पाणी थोडं, म्हणून ते लगेच उकळलं. पाच तट्ट्यांतलं पाणी मात्र दोन घागरी तरी असेल. तेवढं काढायला पाचही तट्ट्यांवर पसरलेलं आठ दिवसांचं ऊनच हवं होतं. मी तापवण्याचा जोर वाढवला होता. एकूण ऊन होतं तेवढंच राहिलं होतं.

हे वहिनीला सांगायला हवं होतं. मी जळकी केळी म्हशीपुढे टाकली, फळ्या गोठ्याच्या माळ्यावर चढवल्या आणि ती आल्यावर म्हणालो, “वहिनी, दव पडलं वाटतं. बरीच कुजली, ती म्हशीला घातली. सोपटं नीट पांघरली नव्हती का?”

सोपटं पांघरायचं काम तिचं होतं. तिने एक केळं उचलून हुंगलं.

“माझीच चूक,” ती म्हणाली. “दमून येते, अंधारात कसंतरी पांघरते.”

रविवारी ती रिकाम्या हाताने माहेरी गेली. तिच्या वडिलांना पुढची सुकेळी मिळाली, पंधरवड्यानंतर, आणि त्यांनी ती बारीक तुकडे करून खाल्ली. पण ते पंधरा दिवस मला झोप लागली नाही.

त्या वर्षापासून दवाच्या धास्तीने वहिनी दुपारी चार वाजताच तट्ट्या आत घेऊ लागली. शेतातून त्यासाठी धावत यायची. रोजचं दीड-दोन तासांचं ऊन बुडायचं आणि आठ दिवसांची सुकेळी दहा दिवसांवर जायची. मी ते बघायचो आणि शाळेत ऊर्जेचा धडा शिकवायचो.

चौथ्या वर्षी तट्टीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी थांबलो.

“वहिनी, त्या वर्षी दव पडलं नव्हतं.”

सगळं सांगितलं. तिने आपलं टोक खाली टेकवलं.

“म्हणजे चार वर्षं मी धापा टाकत येते ती तुमच्या थापेपायी?”

“हो.”

“आणि माझे बाबा तेव्हाच गेले असते तर?” तिने तट्टीवरचं एक केळं उलटलं. मग म्हणाली, “उचला.”

मी तट्टी घेऊन घराकडे वळलो.

“आत कुठे निघालात, मास्तर? ऊन आहे अजून! ठेवा परत.”

ठेवली. ती पायरीवर बसली. “त्या फळ्या मोडल्या की आहेत?”

“माळ्यावर आहेत.”

“काढा. चहापुरतं ऊन आणा. आणि तट्टीवर सावली पडली तर बघा!”

पत्रे गंजले होते. मी राखेने घासत बसलो, आणि ती मला फळ्या इकडून तिकडे सरकवायला लावत राहिली, प्रत्येकीची सावली केळ्यांपासून दूर जाईपर्यंत. सूर्य बुडाला तेव्हा पाणी जेमतेम कोमट झालं होतं. तिने त्यातच पूड टाकली, गूळ टाकला, आणि तो चहा आम्ही दोघांनी प्यायला.