डावा पाय

गावच्या निवृत्त जनरलसाहेबांचा आमच्या शाळेत सत्कार झाला. मराठीचा मास्तर म्हणून मानपत्र मीच लिहिलं होतं. त्यात 'नेतृत्व' हा शब्द पाच वेळा आला होता, आणि वाचताना तो मलाच जड जात होता.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या पलटणीतले एक म्हातारे हवालदार पाया पडायला वाकले. साहेबांनी त्यांना मध्येच धरलं, पण नजर त्यांच्या पायांवर गेली.

"डावा कसा आहे? दाखव."

हवालदारांनी लाजत चप्पल काढली. दोन बोटं नव्हती. साहेब शाल सावरत स्टेजच्या पायरीवर बसले आणि चष्मा लावून ते पाऊल निरखू लागले. आपल्याकडे थोरांच्या पायांशी वाकायची रीत. इथे थोर माणूसच वाकला होता.

"थंडीत ठणकतं?"

"जरासं, साहेब."

नंतर चहा घेताना हवालदार मला म्हणाले, "बर्फातली गस्त संपली की साहेब एकेकाचे पाय बघायचे. सगळ्यांचे बघून झाले की मग स्वतःचे बूट काढायचे."

माझं मानपत्र तेव्हा टेबलावर नारळाखाली दबलेलं होतं. ते तिथेच विसरून जावं, असं मला मनापासून वाटलं.