बोनेटवरचा चहा

सौसरला आमच्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली, की ते आधी चहा मागवत. पाहुणचार म्हणून नव्हे. इंजिन चालू करून भरलेला कप ते बोनेटवर ठेवत आणि समोर स्टूल टाकून बसत. चहा हलला नाही, तर गाडीचा स्लो बरोबर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन सुरळीत चालतंय. सांडला, तर गाडी त्या दिवशी तिथेच मुक्कामाला. मग गार झालेला तोच चहा ते पिऊन टाकत.

"गाडी खोटं नाही बोलत, मालक बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालक म्हणायचा, परवापर्यंत चांगली होती, आणि काका प्लग काढून त्यावरची काजळी त्याच्या नाकासमोर धरायचे. निम्मं गाव त्यांच्यावर चिडून असायचं आणि गाडी बिघडली की त्यांच्याकडेच यायचं. गोड बोलून कुणाचं मन राखणं या माणसाला जमलंच नाही.

आमच्या जुन्या पेट्रोल जीपने मात्र त्यांना चकवलं. बाबांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. बोलणं सुधारलं, उजवा पायही बराचसा सुधारला, तसे बाबा मोहगावच्या वाटेवरच्या आमच्या संत्र्याच्या बागेत पुन्हा स्वतः जीप घेऊन जाऊ लागले. मी अडवून पाहिलं. पण आंघोळीपासून जेवणापर्यंत सगळ्याला त्यांना माझा हात लागायचा. जीप तेवढी त्यांची एकट्याची उरली होती. तीही आता उभी राहिली की थडथडायची, मध्येच गुरगुरायची, मध्येच बंद पडायला यायची.

काकांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, कुठून हवा ओढतेय का म्हणून नळ्यांवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं. बोरगावपर्यंत चक्कर मारून आले, कप ठेवला, चहा हलला नाही. दुसऱ्या दिवशी बाबा परत हजर, अजून तसंच म्हणून. पुन्हा खोलणं, पुन्हा चक्कर, पुन्हा चहा. माझं तर डोकंच चालेना. गॅरेजात शहाण्यासारखी वागणारी गाडी आमच्याकडे आली की वेडी कशी होते? काकांनी पेट्रोल हुंगून पाहिलं, आमच्या दारातला उतारही येऊन पाहून गेले. "काय होऊन राहिलं इले, काही समजून नाही राहिलं," असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला धास्ती वाटली.

शेवटी त्यांनी बाबांनाच जीपमध्ये बसवून इंजिन चालू करायला लावलं. चहा लगेच सांडला. काका उठले, पण बोनेट न उघडता बाबांच्या बाजूने आत वाकले आणि बराच वेळ खाली पाहत राहिले. मीही पाहिलं. गाडी बंद पडेल या भीतीने बाबांनी पाय ॲक्सिलरेटरवर टेकवून ठेवला होता, आणि तो पाय थरथरत होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

काका सरळ उभे राहिले. आता हा माणूस तोंडावर सांगणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

"भाऊ, इची बिमारी माह्या हातातली नाही राहिली," ते म्हणाले. "म्हातारी झाली. बागेत जायचं असन तं मले बोलवत जा. इचे नखरे मीच सांभाळन."

बाबांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यानंतर जीप काका चालवत, बाबा त्यांच्या शेजारी आणि मी मागे. काका आता नाहीत. उभ्या आयुष्यात न केलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी का केली, आणि मी बाबांना खरं सांगायला हवं होतं का, हे मला अजून उमगत नाही. एवढंच आठवतं, की एकदा बागेच्या फाटकाशी जीप उभी होती आणि इंजिन अगदी संथ चाललं होतं. बाबा कान देऊन ऐकत होते. मग काकांकडे न पाहता म्हणाले, "मिस्त्री, पाय माहाच होता न?"

मागून मला काकांचा पाय दिसत होता. तो त्यांनी ॲक्सिलरेटरवर टेकवला आणि हलकेच थरथरवला. जीप थडथडू लागली.

"पाहा भाऊ," ते म्हणाले, "अजून हालूनच राहिली."