जुन्या सनमायकाला हिरवा रंग

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, कपाटं नवीन आणलीस?" नाही. जुनीच आहेत. ती कशी वाचली ते सांगते.

ती लाकडाची नाहीत. दाबलेल्या भुशाच्या फळ्या आणि वर गुळगुळीत तपकिरी सनमायका. सोनागिरीच्या या घरात आलो तेव्हा आजोबांनी मला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटं पोचली तिथे खडूने रेघ मारली. सुताराने वरची कपाटं त्या रेघेच्या हिशोबाने खाली बसवली. माझी उंची तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या कुणाच्याही स्वयंपाकघरात मला स्टूल लागतं. इथे लागत नाही.

तुमच्या बाबाने मात्र तिकडूनच नवीन मॉड्युलर किचन ठरवून टाकलं.

"आई, किती कळकट झालीत ती. माप घ्यायला माणूस येईल."

"मी रंग देते."

"अगं, सनमायकावर रंग टिकत नाही."

"टिकला तर?"

"तर राहू देत. पण माणूस येईल तोवर रंगवून झालं पाहिजे, हं!"

अशोका गार्डन भागातला रंगाचा दुकानदारही हसला. "माताजी, पापड़ जैसा उखड़ेगा." तरी मी त्याच्याकडून गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर आणि हिरवा रंग घेतला. डब्यावरच्या बारीक इंग्रजी सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या, ओल्या फडक्याने एक दार पुसलं आणि रंगवलं. वाळल्यावर नखाने जरा ओढून पाहिलं, तर रंगाचा अख्खा पापुद्रा हातात आला.

आजोबा दारात उभे. "वा! साय छान निघाली. तूप कधी कढवतेस?"

मी पापुद्रा त्यांच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कपाटाचं दार धुताना पाहिलं, तर पाणी त्यावर पसरतच नव्हतं. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब घरंगळत होते. तेव्हा लख्ख प्रकाश पडला. माझी आई देव्हाऱ्याला चकाकी यावी म्हणून दर शनिवारी खोबरेल तेलाचं फडकं फिरवायची. तेच मी या कपाटांना इतकी वर्षं करत आले होते! रंग सनमायकावर बसलाच नव्हता, तेलावर बसला होता.

मग धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि घासणी. पाणी सगळीकडे सारखं पसरेपर्यंत दारं पुन्हा पुन्हा धुतली. बारीक पॉलिश पेपरने फक्त चकाकी घालवली, खोल घासलं नाही. मग प्रायमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात, प्रत्येक नीट वाळू देऊन. फोडणीची वाफ दारांवर बसू नये म्हणून गॅस मागच्या बाल्कनीत नेला.

"या वयात वनवास!" आजोबा वरणभात कालवत म्हणाले.

"सीतेने वनवासात तक्रार केली नव्हती," मी म्हटलं.

"तिला भांडी कुठे घासावी लागत होती?" म्हणाले खरं, पण त्या दिवसापासून भांडी त्यांनीच घासली.

माप घेणारा तरुण आला तेव्हा आजोबांनी फोन उंच धरला होता. फोनवर तुमचा बाबा. त्या तरुणाने टेप काढली आणि तो थबकला. दाराच्या कडेला नख मारून पाहिलं. काही निघालं नाही. आजोबांनी खिशातून चिकटपट्टी काढली, दारावर घट्ट दाबली आणि खस्सकन ओढली. पट्टी कोरी.

"मैडम, ये तो नया लगा है," तो तरुण म्हणाला. "कौन सी कंपनी का है?"

"घर की कंपनी का."

फोनमधून तुमच्या बाबाचं हसू आलं. "जिंकलीस, आई. माप राहू दे."

"आता आलाच आहे तर त्याला चहा तरी पाज," आजोबा म्हणाले.

चहाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर होता. मी फोन माझ्याकडे वळवायला सांगितला आणि स्टुलाशिवाय, नुसता हात वर करून डबा काढला.