चोरून गोड खाल्ल्याचा आळ

वर्कशॉपमध्ये तिला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव वेल्डिंगमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर तिथे अजूनही वाद होतो. तरुणपणी मालकाने तिला झाडलोट करायला ठेवलं होतं. एकदा गेट जोडणाऱ्याने बिजागरी तिरकी बसवली आणि हिने ते तोंडावर सांगितलं. तो फणकारला, "एवढं कळतं तर तूच लाव!" तिने लावली. ती त्याच्यापेक्षाही वाकडी लागली, वर हात पोळला, आणि सगळे पोट धरून हसले. त्या हसण्याचा तिला असा काही राग आला की रोज सुटीनंतर भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवून ती वेल्डिंग शिकली. पुढे जिने, जाळ्या, पाण्याच्या टाकीचे सांगाडे, सगळं तिच्या हाताखालून गेलं.

नवरा मात्र अगदी उलटा. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेला शिंपी, आवाज असा की गिऱ्हाइकाने कान पुढे करावा. त्याच्या आईला साखरेचा आजार होता. पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी पाऊल कापावं लागलं. ती जखम रोज त्यानेच धुतली होती. त्यामुळे पन्नाशीत बायकोच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा त्याचं धाबंच दणाणलं.

तिने मात्र त्याच दिवशी गोड सोडलं. चहा बिनसाखरेचा, बिस्किटाला हात नाही. गोळी वेळेवर. वर्षभर साखर गपगुमान ताब्यात राहिली. मग रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी आणखी एक गोळी सुरू केली. ती घेतली की लघवीला सारखं जावं लागे. वर्कशॉपच्या उकाड्यात आधीच घामाच्या धारा, त्यात हे. आणि काही महिन्यांत साखर चढायला लागली.

"काय खाताय?" डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"काही नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"असं सगळेच म्हणतात, बाई. रक्त खोटं बोलत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी खोटं बोलते?"

डॉक्टर नुसतेच हसले, साखरेच्या गोळीचा डोस वाढवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. शेजारी बसलेला नवरा खाली मान घालून होता. तेच तिला जास्त झोंबलं.

घरात साखरेचा डबा कपाटात गेला. लेक येता-जाता आईच्या पिशवीत डोकावायला लागली. इकडे ठिणगीचं अंग गळून गेलेलं. पहाटे पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ती दात-ओठ खाऊन उठून बसायची. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वय झालं, काम कमी करा.

एका सुटीच्या दिवशी नात घरी येणार होती. तिच्यासाठी बिस्किटं आणायला ठिणगी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार घुटमळला.

"नाही देता येणार, वहिनी. राग मानू नका. दादा सांगून गेलेत, तुम्ही लपवून खाता म्हणून."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. कुणीतरी फिसकन हसलं. ती तशीच वळली आणि घरात पाय ठेवताच तिने मशीनवरचं कापड ओढून फेकलं.

"अहो, चोर ठरवलंत मला? तेही दुकानात जाऊन?"

"अगं, तुझ्या काळजीपोटी…"

"काळजी होती तर मला विचारायचं! गावाला कशाला सांगितलंत?"

"आईसुद्धा नाहीच म्हणायची," तो पुटपुटला. "आणि तिच्या उशीखाली गोड निघायचं."

"मी तुमची आई नाही!"

त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पण शब्द नाही.

मग ते घडलं. एका शाळेच्या जिन्याचा कठडा ती जोडत होती. अचानक उजव्या हाताची बोटं आखडून आत वळली, उघडेनात. रॉड धरायचा होल्डर हातातून सुटला आणि तापलेला रॉड बुटावर पडला. जाड कातडं होतं म्हणून पाय वाचला. मालकाने तिच्या लेकीला बोलावलं आणि दोघींना मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथली डॉक्टरीण वयाने लेकीएवढीच. ठिणगी आधीच तोफ डागून मोकळी झाली. "गोड खात नाही मी. विचारायचं असेल तर आत्ताच सांगा, मी जाते."

"मी विचारलं का?" डॉक्टरीण म्हणाली. "पेटके कधीपासून येतात? आणि गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत, त्या दाखवा."

लेकीने पिशवीतून गोळ्या काढल्या. रक्तदाबाची पट्टी डॉक्टरिणीने बाजूला ठेवली आणि रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला, तेव्हा तिने दोघींना समोर बसवलं.

"तुमच्या अंगात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, दोन्ही फार कमी झालंय. हे क्षार आपल्याला खाण्यातून मिळतात, पण ही गोळी ते लघवीवाटे बाहेर टाकत राहिली. पोटॅशियम कमी पडलं की इन्सुलिन पुरेसं सुटत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं की सुटलेल्या इन्सुलिनला शरीर जुमानत नाही. साखर चढते. आणि साखर चढली की लघवी वाढते, त्यातून मॅग्नेशियम आणखी जातं."

"म्हणजे न खाताच साखर वाढली?" लेकीने विचारलं.

"आजार होताच. पण त्याच्या जोडीला हेही असणार. पेटके तर ह्यानेच."

ठिणगीने बाजूला ठेवलेली ती पट्टी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

तिला दोन दिवस ठेवून घेतलं. रक्तदाबाची गोळी बदलली, कमी पडलेलं भरून काढायला औषध दिलं, जेवणात पालेभाजी, कडधान्यं, भोपळ्याच्या बिया वाढवायला सांगितल्या. पेटके आधी गेले. साखर सावकाश, दोन-तीन महिन्यांत खाली आली. आजार गेला नाही, साखरेची गोळीही सुटली नाही.

हे ऐकून नणंद लगेच एक डबा घेऊन हजर. "सगळ्या क्षारांची पावडर आहे. मीही घेते. तू बाकीच्या गोळ्या बंद कर."

"माझ्यात कमी होतं म्हणून मला दिलं," ठिणगी कडाडली. "मूत्रपिंडं कमजोर असली तर हेच क्षार अंगात साठून घात करतात. तुमची कशी आहेत ते विचारलंत का कुणाला? डबा उचला आधी!"

नवऱ्याने माफी मागितली ती डोळे पुसत, बंद दाराआड. तिने ऐकून घेतलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "बदनामी चारचौघांत केलीत. माफी घरात नको."

आयुष्यात ज्याने आवाज चढवला नव्हता, तो माणूस संध्याकाळच्या गर्दीत दुकानात गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी बायको चोरून खात नव्हती. मी चुकीचं सांगितलं होतं." दुकानदाराने न मागता बिस्किटांचा पुडा पुढे केला. तो त्याने घेतला नाही.

जुन्या डॉक्टरांकडे ती एकटी गेली. भरलेल्या दवाखान्यात, त्या गोळीने काय झालं ते तिने उभ्यानेच सांगितलं.

"असं सगळ्यांनाच होत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले.

"होत नाही म्हणून रक्त तपासायचं नाही? मला खोटारडी म्हणायला मात्र तुम्हाला तपासणी लागली नाही!"

डॉक्टर गोरेमोरे झाले. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने हळूच आपल्या गोळ्यांची पट्टी खिशातून काढली आणि विचारलं, "डॉक्टर, माझी कोणती आहे?"

ठिणगी पुन्हा कामावर जाते. नवऱ्याशी बोलतेही, पण पहिल्यासारखं नाही. लेक म्हणते, "आई, आता सोड ना." ती म्हणते, "सोडेन. अजून राग संपला नाही माझा."